एक दात

रविवारी बाराच्या उन्हात, उचगावच्या आमच्या गल्लीत
गाडी चालू झाली आणि लगेच खोकायला लागली.
डॅशबोर्डावर पिवळं इंजिन पेटलं.
मी बॉनेटमध्ये डोकं घातलं,
पेपर हातात मिळाल्यावर आपण मार्कांची बेरीज पुन्हा करतो तसं,
चूक मास्तरांची निघावी म्हणून.

टायमिंग बेल्ट मीच बदलला होता.
दोन्ही पुल्यांवर खुणा केल्या लेकीच्या नेलपॉलिशनं,
कॅमला एक, क्रँकला एक, गुलाबी.
नट मोजून स्टीलच्या ताटलीत ठेवले,
शेवटी एकही उरला नाही.
त्याचाच मला जास्त अभिमान.

मेहुण्याकडनं कोड वाचायचं यंत्र आणलं.
ते म्हणालं: क्रँक आणि कॅमचं जुळत नाही.
म्हणजे कॅमचा सेन्सर गेला, मी म्हणालो.
नवा आणला. अठराशे पन्नास.
तोच कोड.
मग क्रँकचा, गाडीखाली उताणा झोपून,
तोंडावर तेल आणि माती घेत.
तोच कोड.
दुकानात पाटी होती: इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही.

राजमती उंबऱ्यावर शेंगा फोडत बसलेली.
"आवाज मागनं येतोय. उशिरानं.
सकाळधरनं सांगालोय मी."
तुला काय कळतंय त्यातलं, मी म्हणालो.
ती फोडत राहिली.
दाणे परातीत, पोचट शेंगा पदरात.

चारला मौलाचाचा शिकलगार आले.
कुणी बोलावलं नव्हतं, आवाज ऐकून आले.
उद्यमनगरात चाळीस वर्षं ऑइल इंजिनं जोडली,
उजवा कान तिथंच ठेवून आले,
म्हणून लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ डाव्या कानाला,
टोक हेडवर,
आणि डोळे मिटलेले.

"बेल्ट चढवल्यावर हातानं दोन फेऱ्या मारल्यास?"

कशाला? खुणा जुळल्या होत्या की.

"खुणा सगळ्यांच्याच जुळत्यात रं.
टेन्शनर सोडला की बेल्ट अंग टाकतोय,
मग काय ते खरं दिसतंय.
प्लग काढ. एकोणीसचा पाना आण."

क्रँकच्या दोन फेऱ्या, कॅमची एक.
क्रँकची गुलाबी खूण येऊन आपल्या घरात बसली.
कॅमची एक दात मागं.
एकच. करंगळीच्या नखाएवढं अंतर.
सकाळपासून सेन्सर हेच ओरडत होता,
मिनिटाला शेकडो वेळा,
आणि मी सांगणाऱ्यालाच बदलत होतो.

चाचा काही बोलले नाहीत. चहा बशीत ओतून फुंकत राहिले.
मी बेल्ट उतरवला, चढवला,
हातानं फिरवलं दोनदा, भीतीनं आणखी दोनदा.
इंजिन आवाजाला बसलं.
पिवळा दिवा गेला नाही.

आता कोड वेगळा.
चाचांनी बॅटरीचा उजेड आत टाकला, हसले.
क्रँक सेन्सरची वायर कव्हरखाली चिमटलेली,
साल निघून तांबं उघडं.
सकाळी हा दोष गाडीत नव्हता.
दोष शोधता शोधता मी तो घातला होता.

टेप गुंडाळली. कोड पुसला.
जुने दोन्ही सेन्सर पेट्रोलनं पुसून परत बसवले.
नवे खोक्यात घालून फळीवर ठेवलेत,
पाहुणे आले की लेक दाखवते, बाबांचे सदतीसशे.
(क्रँकचाही तेवढ्यालाच पडला होता.)

दिवेलागणीला राजमतीला घेऊन तावडे हॉटेलपर्यंत गेलो.
तिनं काच खाली केली,
वाऱ्यानं उडणारे केस मुठीत धरले
आणि मान थोडी कलती करून ऐकत बसली.
हायवेला लागेपर्यंत मी विचारलं नाही.
मग विचारलं: आता?

"इंजिन बरोबर हाय," ती म्हणाली.
"पण डावीकडचं मागचं चाक..."

मी गाडी बाजूला घेतली.